खरेदीदाराचे स्वतःचे घर विकले जाण्यावर अवलंबून असलेला घरविक्रीचा व्यवहार : जानेफळ परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

सारांश : आपले जुने घर विकून येणाऱ्या पैशातून नवे घर घेणारा खरेदीदार ग्रामीण भागात सर्रास आढळतो. ही परिस्थिती उभय पक्षांस ठाऊक असते. परंतु इसारपावतीत तिचा उल्लेख बहुधा नसतो. तोंडी राहिलेली ही अट विक्रेता व खरेदीदार या दोघांसही कशी अडचणीत आणते आणि ती लेखी नमूद केल्यास दोघांचेही हित कसे साधते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : इसार, साठेखत, सशर्त करार, खरेदीखत, ताबा, मुदत.

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळ हे मेहकर-खामगाव मार्गावरील बाजारपेठेचे गाव होय. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी, शिक्षक, व्यापारी व सेवानिवृत्त कर्मचारी मुलांच्या शिक्षणासाठी किंवा व्यवसायासाठी अशा गावी घर घेऊ पाहतात. तर येथील काही कुटुंबे मेहकर, बुलढाणा, अकोला वा पुणे येथे स्थायिक होण्याच्या हेतूने आपले घर विकतात. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. हा मार्ग मेहकर तालुक्यातून जात असल्याने येथील स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांकडे लोकांचे लक्ष वाढणे स्वाभाविक आहे.

अशा व्यवहारांत खरेदीदाराजवळ पूर्ण रक्कम क्वचितच हाती असते. सोयाबीन, तूर किंवा कापूस विकून आलेल्या पैशातून इसार दिला जातो आणि उर्वरित रकमेसाठी 'आमचे गावातले घर विकले की देतो' असा शब्द दिला जातो. विक्रेता तो मान्य करतो, कारण खरेदीदार बहुधा ओळखीचा, कित्येकदा सोयऱ्यांपैकीच असतो. मात्र लेखी कागदावर 'उर्वरित रक्कम खरेदीच्या वेळी देण्याचे ठरले' एवढेच वाक्य उरते. बोललेला व्यवहार आणि लिहिलेला व्यवहार यांतील ही तफावत हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) खरेदीदाराचे घर विकले जाण्याच्या अटीचे कायदेशीर स्वरूप स्पष्ट करणे. २) ती अट लेखी नसल्यास होणारे परिणाम तपासणे. ३) विक्रेता व खरेदीदार यांच्यासाठी व्यवहार्य तरतुदी सुचविणे. त्यासाठी संबंधित अधिनियम, सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय व ग्रामीण व्यवहारातील रूढ पद्धती यांचा वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने आधार घेतला आहे. विवेचनातील आकडेमोडीचे उदाहरण काल्पनिक आहे.

साठेखत व खरेदीखत यांतील भेद

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार विक्रीचा करार स्वतःहून मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण करीत नाही. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच हस्तांतरित होते. म्हणजेच इसारपावती किंवा साठेखत हे भविष्यात खरेदीखत करून देण्याघेण्याचे परस्पर वचन होय. सूरज लॅम्प प्रकरणात (२०११) सर्वोच्च न्यायालयाने मुखत्यारपत्र व करारनामा यांच्या आधारे झालेली तथाकथित विक्री मालकी देत नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले. म्हणून प्रत्यक्ष प्रश्न उरतो तो या वचनाच्या अटींचा.

सशर्त करार व बिनशर्त करार

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३१ मध्ये सशर्त कराराची व्याख्या दिली आहे. घडेल की नाही हे अनिश्चित असलेल्या घटनेवर ज्याची पूर्तता अवलंबून असते, तो सशर्त करार. खरेदीदाराचे जुने घर विकले जाणे ही अशीच एक घटना आहे. कलम ३२ नुसार ती घटना घडेपर्यंत कराराची अंमलबजावणी मागता येत नाही. कलम ३५ नुसार ती घटना ठराविक मुदतीत घडावयाची असेल आणि मुदत संपेपर्यंत घडली नाही, तर करार निरर्थक ठरतो. आणि करार निरर्थक ठरल्यावर त्यापोटी मिळालेला लाभ परत करण्याचे दायित्व कलम ६५ सांगते.

या चार कलमांचा एकत्रित अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, जानेफळ येथील एक घर १८ लाख रुपयांस विकण्याचे ठरले व १ लाख रुपये इसार दिला गेला. उर्वरित १७ लाख रुपये खरेदीदाराच्या खेड्यातील घराच्या विक्रीतून यावयाचे आहेत. करारात 'अमुक तारखेपर्यंत खरेदीदाराचे अमुक घर विकले गेल्यास' अशी अट असेल आणि ते घर विकले गेले नाही, तर व्यवहार संपतो, इसार परत जातो व विक्रेता मोकळा होतो. परंतु ती अट लिहिलेलीच नसेल, तर कागदानुसार खरेदीदाराने बिनशर्त १७ लाख देण्याचे मान्य केले आहे. त्याचे घर विकले न जाणे ही त्याची खाजगी अडचण ठरते आणि इसार गमावण्याची पाळी त्याच्यावर येऊ शकते. 'आमचे असे बोलणे झाले होते' हे नंतर सिद्ध करणे सोपे नसते. कारण लेखी कराराच्या मजकुराशी विसंगत तोंडी पुरावा देण्यास, काही अपवाद वगळता, पुराव्याचा कायदा प्रतिबंध करतो.

विक्रेत्याची कोंडी

वरवर पाहता बिनशर्त कागद विक्रेत्यास सोयीचा वाटतो. वस्तुस्थिती तशी नाही. मुलीचे लग्न, आजारपण, कर्जफेड किंवा दुसरीकडे घेतलेल्या घराचा हप्ता अशा निकडीपोटी तो विकत असतो. खरेदीदार 'आज-उद्या' करीत राहतो. पण सौदा मोडला असेही म्हणत नाही. दरम्यान दुसरा गिऱ्हाईक आला तरी विक्रेता त्याला होकार देऊ शकत नाही, कारण पहिला खरेदीदार करारपूर्तीचा दावा लावण्याची भीती असते.

मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ५४ नुसार असा दावा पूर्ततेसाठी ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत दाखल करता येतो. तारीखच ठरली नसेल, तर समोरच्याने पूर्ततेस नकार दिल्याचे समजल्यापासून ही तीन वर्षे मोजली जातात. 'घर विकल्यावर पैसे' असा तारीख नसलेला शब्द म्हणूनच सर्वाधिक धोक्याचा. त्यात घड्याळ कधी सुरू झाले, याविषयीच वाद होतो. चांद राणी विरुद्ध कमल राणी (१९९३) या निर्णयात घटनापीठाने म्हटले की, स्थावर मालमत्तेच्या विक्रीत मुदत हा कराराचा गाभा आहे असे गृहीत धरले जात नाही. तथापि करारातील अटी व परिस्थितीवरून वाजवी मुदत ठरविता येते. तेव्हा मुदत महत्त्वाची असल्यास तसे स्पष्ट शब्दांत लिहिणे हाच उपाय होय.

१ ऑक्टोबर २०१८ पासून अमलात आलेल्या विशिष्ट अनुतोष अधिनियमातील दुरुस्तीने करारपूर्तीचा आदेश नाकारण्याचा न्यायालयाचा विवेकाधिकार संकुचित झाला. त्यामुळे साठेखताचे वजन वाढले. मात्र कलम १६(क) नुसार दावा लावणाऱ्याने आपण पूर्ततेस सदैव तयार व इच्छुक होतो हे सिद्ध करावे लागते. यू. एन. कृष्णमूर्ती प्रकरणात (२०२२) सर्वोच्च न्यायालयाने खरेदीदाराची इच्छा पुरेशी मानली नाही. रक्कम उभी करण्याची त्याची प्रत्यक्ष क्षमता पाहिली. ज्याचे संपूर्ण भांडवल न विकलेल्या घरात अडकले आहे, त्याला ही क्षमता दाखविणे कठीण जाते. अर्थात हा दिलासा विक्रेत्यास खटला चालविल्यानंतरच मिळतो, आणि निकडीत असलेल्या माणसाला तेवढी वर्षे नसतात.

इसार व आगाऊ रक्कम

इसार किती जप्त करता येतो, हा वादाचा दुसरा मुद्दा. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास (१९६३) या खटल्यात १ लाख १२ हजार ५०० रुपयांच्या सौद्यात १ हजार रुपये इसार व पुढे २४ हजार रुपये दिले गेले होते. न्यायालयाने १ हजारांचा इसार जप्त होऊ दिला; मात्र २४ हजारांची रक्कम केवळ करारात तसे लिहिले म्हणून जप्त करता येणार नाही, वाजवी भरपाईच मिळेल, असे ठरविले. सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावळ (२०१२) यात मात्र ७० लाखांच्या सौद्यातील ७ लाखांच्या इसाराची जप्ती मान्य झाली. बोध असा की, इसार कोणता व किमतीचा हप्ता कोणता हे करारात वेगवेगळे लिहावे आणि घर विकले न गेल्यास त्यांपैकी काय, किती दिवसांत परत करावयाचे हेही नमूद करावे.

ताबा व खरेदीखताची घाई

कोंडी फोडण्यासाठी कधी ताबा आधी दिला जातो, तर कधी रक्कम बाकी ठेवून खरेदीखतच करून दिले जाते. ताबा देणाऱ्या साठेखतास महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद २५ नुसार अभिहस्तांतरणाप्रमाणे मुद्रांक शुल्क लागते, आणि ताबा परत मिळविणे हे नवेच भांडण होऊन बसते.

रक्कम बाकी असताना खरेदीखत करणे याहून गंभीर होय. विद्याधर विरुद्ध माणिकराव (१९९९) हा निर्णय आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातील, चिखली तालुक्यातील अमडापूर येथील शेतजमिनीच्या व्यवहारातून आला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, संपूर्ण मोबदला मिळणे ही विक्री पूर्ण होण्याची पूर्वअट नाही; मालकी हस्तांतरित करण्याच्या उद्देशाने खरेदीखत नोंदले गेले की रक्कम बाकी असली तरी विक्री पूर्ण होते. दहीबेन प्रकरणातही (२०२०) हेच सूत्र कायम राहिले. म्हणजे विक्रेत्याजवळ घर उरत नाही, उरतो तो केवळ बाकी वसुलीचा दावा व कलम ५५ खालील बोजा.

जुने घर का विकले जात नाही?

विक्रेत्याने खरेदीदाराच्या घराविषयीही चौकशी करावी, हे अनेकांस विचित्र वाटेल. परंतु त्याचे पैसे त्याच घरातून यावयाचे आहेत. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा दस्त आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. घर वडिलोपार्जित असल्यास ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीनुसार मुलीही सहदायाद आहेत. विनीता शर्मा प्रकरणात (२०२०) वडील त्या दिवशी हयात असणे आवश्यक नाही, असेही ठरले. बहिणींच्या सह्या नसल्याने अडलेली विक्री ही ग्रामीण भागातील नेहमीची बाब आहे. जागा भोगवटादार वर्ग-२ ची असल्यास शासनाची परवानगी लागते. गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका नसल्याने पुढच्या खरेदीदारास बँकेचे कर्ज मिळणे अवघड जाई. ही उणीव भरून काढण्याच्या हेतूने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली.

अन्यत्रची पद्धती

इंग्लंडमध्ये एकाची खरेदी दुसऱ्याच्या विक्रीवर अवलंबून असलेल्या अशा व्यवहारांची साखळीच तयार होते. तेथे करारपत्रांची देवाणघेवाण होईपर्यंत कोणीही बांधील नसतो, आणि साखळीतील व्यवहार शक्यतो एकाच दिवशी पूर्ण केले जातात. अमेरिकेत खरेदीदाराचे घर विकले जाण्याची अट करारात लिहिली जाते. तथापि विक्रेता दुसरा गिऱ्हाईक शोधण्यास मोकळा राहतो. तसा मिळाल्यास पहिल्या खरेदीदारास ठराविक अवधी, बहुधा ४८ ते ७२ तास, दिला जातो. तेवढ्यात त्याने अट सोडावी किंवा व्यवहारातून बाहेर पडावे. या दोन्ही पद्धतींतील तत्त्व आपल्या कायद्याच्या चौकटीतही बसते.

सूचना

१) खरेदीदाराचे कोणते घर विकावयाचे आहे, त्याचा मिळकत क्रमांक व सहहिस्सेदार करारात नमूद करावेत आणि त्याने ते विकण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा असे कलम घालावे.

२) अंतिम तारीख लिहावी. मुदतवाढ द्यावयाची असल्यास ती लेखी व एकदाच द्यावी. 'दिवाळीनंतर' किंवा 'अक्षय्य तृतीयेपर्यंत' असे न लिहिता दिनांक, महिना व वर्ष लिहावे.

३) तारीख टळल्यास व्यवहार आपोआप संपेल व इसार अमुक दिवसांत परत केला जाईल, हे स्पष्ट करावे. विक्रेत्याच्या खोळंब्यापोटी अल्प रक्कम वजा करावयाची ठरल्यास तीही आकड्यात लिहावी.

४) दुसरा गिऱ्हाईक आल्यास पहिल्यास लेखी सूचना देऊन ठराविक दिवसांची संधी देण्याचे कलम ठेवावे.

५) पूर्ण रकमेशिवाय ताबा वा खरेदीखत देऊ नये. दोन्ही मिळकती मेहकर तालुक्यातीलच असतील, तर दोन्ही खरेदीखते एकाच दिवशी, एकामागून एक नोंदवावीत व जुन्या घराच्या खरेदीदाराने त्यातील आवश्यक रकमेचा धनाकर्ष थेट पहिल्या विक्रेत्याच्या नावे काढावा.

निष्कर्ष

खरेदीदाराचे घर विकले गेलेले नसणे हा व्यवहार नाकारण्याचे कारण नव्हे. तसे मानल्यास गावातील कितीतरी सौदे होणारच नाहीत. दोष अटीत नाही, ती न लिहिण्यात आहे. अट लिहिल्याने खरेदीदाराचा इसार सुरक्षित राहतो आणि विक्रेत्यास आपण कोणत्या दिवशी मोकळे होऊ हे कळते. सोयऱ्याकडून लिहून घेणे म्हणजे अविश्वास, ही समजूत ग्रामीण भागात दृढ आहे. वस्तुतः दिलेला शब्द जसाच्या तसा कागदावर उतरविणे हा त्या शब्दाचाच मान राखणे होय. घर विकले गेले नाही तर दोन्ही कुटुंबांत एक व्यवहार मोडेल, एवढेच. नाते मोडण्याचे कारण उरणार नाही.