पोरकी पिले व त्यांची जोपासना

शिर्डीचे नाव देशभर तीर्थक्षेत्र म्हणून घेतले जाते. परंतु शेतकऱ्यांमध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचा अहमदनगर) हा राहाता तालुक्याचा भाग ओळखला जातो तो पाटाच्या पाण्यासाठी. नांदूर मधमेश्वर येथे गोदावरीवर घातलेल्या बंधाऱ्यातून निघणाऱ्या कालव्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या जिराईत मुलखाचे रूप पालटले. पाण्यामागोमाग ऊस आला, पेरूच्या बागा आल्या. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५० च्या सुमारास तेथे गाळप सुरू झाले. उसाचे वाढे व बांधावरचा घास यांच्या आधारावर दारोदार संकरित गाई उभ्या राहिल्या. शेजारच्या संगमनेर तालुक्याने तर शेळीच्या एका जातीस आपले नावच दिले आहे.

जेथे जनावरे पुष्कळ, तेथे पिलेही पुष्कळ. आणि पिलांत काही पोरकी निघणारच. गाय विताना दगावते. शेळीला तीन करडे होतात, पण सड दोनच असतात. वाघूर उचलून मेंढ्यांचा कळप पुढच्या मुक्कामी निघतो आणि रात्री जन्मलेले अशक्त कोकरू मागे राहते. अशा पिलाकडे पाहून "ते काही जगायचे नाही" असे म्हणण्याची रीत आहे. परंतु ते पिलू बहुधा एखाद्या असाध्य रोगाने मरत नाही. ते गारठ्याने मरते, किंवा पहिले दूध वेळेवर न मिळाल्याने मरते. ही दोन्ही कारणे शेतकऱ्याच्या हातातील आहेत, व त्यांवरील उपायास फारसा खर्चही येत नाही.

आई काय करते?

माता आपल्या पिलासाठी मुख्यतः तीन गोष्टी करते. ती त्याला ऊब देते, पहिला आहार देते व त्याची राखण करते. माणसाने या तीन गोष्टी त्याच क्रमाने केल्या, तर मातेची उणीव बरीचशी भरून निघते. क्रम मात्र चुकू नये. गारठलेल्या पिलाला आधी दूध व मग ऊब, हा उलटा क्रम अनेक पिलांच्या जिवावर बेततो. हा क्रम समजण्यास बदकाचे पिलू हे उत्तम उदाहरण आहे. कारण ते बहुधा जन्मतःच पोरके असते.

बदकाची पिले

अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या बदकांत खाकी कॅम्पबेल ही जात प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ती तयार झाली. उत्तम निगा राखल्यास या जातीची मादी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. पण अंडी घालण्याचा हा गुण वाढविताना अंड्यावर बसण्याची तिची वृत्ती जवळजवळ नाहीशी झाली. म्हणून पिले काढावयाची तर उबवणी यंत्र हवे, नाही तर खुडूक कोंबडी हवी.

कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, बदकाची २८ दिवसांत. एवढा काळ जी कोंबडी नेटाने बसेल, तिच्याखाली अंगाच्या मानाने ८ ते १० अंडी ठेवावीत. बदकाची मादी ओल्या अंगाने अंड्यावर परतते. कोंबडी तशी परतत नाही. म्हणून शेवटच्या काही दिवसांत अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करीत जावे. पिले बाहेर पडून पाण्यात शिरली, की दाई झालेली कोंबडी काठावर ओरडत येरझाऱ्या घालते. हे दृश्य पाहून हसू येते. परंतु तिची भीती अगदीच अनाठायी नसते. कोवळी पिले पाण्यात फार वेळ राहिली, तर त्यांची लव भिजते व ती गारठून मरतात. बदक पाण्याचा पक्षी आहे म्हणून पिलास पहिल्या दिवसापासून पाटात सोडणे ही मोठी चूक होय. निदान पहिले तीन-चार आठवडे पिले कोरड्या जागीच ठेवावीत.

ऊब देण्यासाठी मोठे डालगे किंवा पुठ्ठ्याचे गोल कुंपण पुरते. तळाशी भाताचे तूस किंवा बारीक कुटलेले कोरडे पाचट पसरावे व वर जुन्या पद्धतीचा तारेचा विजेचा दिवा टांगावा. हल्ली घरोघरी असणारा एल.ई.डी. दिवा उजेड देतो, ऊब देत नाही, हे ध्यानात ठेवावे. पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर ३० ते ३२ अंश सेल्सिअस तापमान असावे व पुढे दर आठवड्याला ते सुमारे ३ अंशांनी उतरवावे. तापमापक नसल्यास पिलांकडेच पाहावे. ती दिव्याखाली एकमेकांवर चढू लागली तर ऊब कमी आहे. दूर जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर जास्त आहे. सर्वत्र पसरून निवांत बसली तर योग्य आहे. पौष-माघात रात्री वीज गेल्यास गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवाव्यात. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र ठेवू नये. तिचा धूर पिलांस व माणसांस सारखाच घातक असतो.

पाण्याचे भांडे असे असावे की, पिलाची संपूर्ण चोच बुडावी, पण अंग आत जाऊ नये. चोच बुडाली नाही, तर नाकपुड्या व डोळे स्वच्छ राहत नाहीत. पाणी जवळ नसताना कोरडे खाद्य कधीही देऊ नये. ते घशात अडकते. मक्याचा भरडा, तांदळाची कणी, भाताचा कोंडा, सोयाबीनची पेंड व क्षार मिश्रण यांचे ओलसर खाद्य दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे व उरलेले काढून टाकावे. बदकाच्या पिलांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलांहून अधिक लागते. ते कमी पडल्यास पाय वाकतात. भाताच्या कोंड्यातून व यीस्टमधून ते मिळते.

खाद्याविषयी एक इशारा विशेष महत्त्वाचा आहे. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मेले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीचे विष हे त्याचे कारण ठरले. तेच अफ्लाटॉक्सिन. बदकाची पिले या विषाला इतकी हळवी असतात की, पुढे ते विष ओळखण्यासाठी प्रयोगशाळांनी या पिलांचाच उपयोग केला. म्हणून बुरा आलेली शेंगदाणा पेंड किंवा पावसात भिजून काळा पडलेला मका या पिलांपुढे कदापि ठेवू नये.

मोठी बदके सर्वसाधारणपणे पाचव्या-सहाव्या महिन्यात अंड्यावर येतात. ती बहुतेक अंडी पहाटे ते सकाळी नऊच्या दरम्यान घालतात. तोपर्यंत त्यांना खुराड्यातच ठेवावे, म्हणजे अंडी बांधाबांधावर शोधत फिरावे लागत नाही. बदकांच्या प्लेग रोगावरील लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने टोचून घ्यावी. तथापि, एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. बंगाल, आसाम व केरळ येथे बदकाच्या अंड्यास नित्याचे गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे तसे नाही. म्हणून प्रथम आठ-दहा पक्षी पाळून पाहावेत. गिऱ्हाईक ठरल्यावाचून शेकड्यांनी पिले आणू नयेत.

करडू, कोकरू व वासरू

बदकाच्या पिलास जी ऊब लागते, तीच करडाला व वासरालाही लागते. जन्मतःच पिलू कोरड्या फडक्याने पुसून काढावे, नाकातोंडातील चिकटा काढावा व नाळेचे टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावे. नंतर स्वच्छ बोट पिलाच्या तोंडात घालून पाहावे. तोंड आतून गार लागले, तर आधी पिलाला ऊब द्यावी व तोंड गरम झाल्यावरच पाजावे. ज्या पिलाला मान उचलता येत नाही, त्याच्या तोंडात दूध ओतू नये. ते फुप्फुसात जाते. असे पिलू उबेत ठेवून पशुवैद्यकास तत्काळ बोलवावे.

ऊब आल्यानंतरचा प्रश्न चिकाचा होय. गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या पोटात वाढणाऱ्या पिलाला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती सर्व चिकातून मिळतात. शिवाय पिलाच्या आतड्याला ती जशीच्या तशी शोषून घेण्याची शक्ती पहिले काही तासच असते. २४ तासांत ती संपते. म्हणून जन्मानंतर एक-दोन तासांच्या आत पहिला चीक पोटात गेला पाहिजे. पहिल्या दिवसभरात वासराला वजनाच्या एक-दशांशाइतका चीक द्यावा. म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर, दोन-तीन वेळांत विभागून. २ किलोच्या करडाला एका वेळी सुमारे १०० मिलिलिटर याप्रमाणे दिवसातून चार वेळा पाजावा.

मरण पावलेल्या आईचा चीक कोठून आणावा? तो गावातच असतो. नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक दूध संकलन केंद्रावर घेतला जात नाही. वासराच्या गरजेहून अधिक असेल तो घरी आणून त्याचा खरवस केला जातो. खरवस अवश्य करावा. परंतु त्याआधी पहिल्या धारेतील लिटरभर चीक स्वच्छ बाटलीत भरून, वर तारीख लिहून, शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून द्यावा. तेथे तो कित्येक महिने टिकतो. गाय मात्र निरोगी असावी. वेळ येताच बाटली कोमट पाण्यात ठेवून चीक वितळवावा. तो चुलीवर तापवू नये. कारण आचेवर चिकाचा खरवस होतो हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. चीक थिजला, की त्यातील रोगप्रतिकारक द्रव्यांचे बळही गेले.

चीक मिळालाच नाही, तर ६०० मिलिलिटर दुधात ३०० मिलिलिटर कोमट पाण्यात फेटलेले एक अंडे व अर्धा चमचा एरंडेल मिसळून ते वासराला दिवसातून तीन वेळा, असे तीन-चार दिवस देण्याची पद्धत आहे. याने पोषण होते. परंतु रोगाविरुद्धचे कवच मिळत नाही. म्हणून अशा वासराची जागा अधिक स्वच्छ व इतर जनावरांपासून वेगळी ठेवावी.

पुढे दूध अंगाइतके कोमट, ठरलेल्या वेळी व प्रत्येक वेळी उकळत्या पाण्याने धुतलेल्या बाटलीतूनच पाजावे. पिलू उभे असावे व त्याचे तोंड आईच्या सडाशी असते तितकेच वर असावे. एकाच वेळी भरपूर पाजल्यास हगवण लागते. थोडे व वारंवार पाजणे बरे. दाई मिळाल्यास सर्वांत उत्तम. जिचे कोकरू दगावले अशा मेंढीकडे पोरके कोकरू द्यावयाचे झाल्यास, मेलेल्या कोकराचे कातडे त्याच्या अंगावर बांधण्याची युक्ती अनेक देशांतील मेंढपाळ करीत आले आहेत. मेंढी आपले पिलू वासावरून ओळखते. एक-दोन दिवसांत ती त्याला पाजू लागली, की कातडे काढून टाकावे.

येथे आणखी एका पिलाचा उल्लेख करणे भाग आहे. त्याची आई गोठ्यातच उभी असते, तरीही ते पोरके असते. ते म्हणजे संकरित गाईचे गोऱ्हे. दूध डेअरीकडे जाते व त्याच्या वाट्याला रिकामी कास येते. गोऱ्ह्याचे पुढे काय करावयाचे हा प्रश्न अवघड आहे, हे खरे. परंतु पहिल्या दिवसाचा चीक विकलाच जात नाही. निदान तो तरी त्याला पोटभर मिळावा.

रानातील पिलू उचलू नये

ऊसतोडीच्या दिवसांत फडामध्ये रानमांजराची किंवा बिबट्याची पिले सापडतात. ती पोरकी असतातच असे नाही. आई दिवसा दूर असते व रात्री परत येते. अशा पिलांस हात लावू नये, दूध पाजू नये व घरी तर मुळीच नेऊ नये. तोडणी थांबवून वन विभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे. वन कर्मचारी व जुन्नरजवळील माणिकडोह बिबट निवारा केंद्रातील पशुवैद्यक अशी पिले तपासून सायंकाळी सापडल्या जागीच ठेवतात, व मादी येऊन त्यांना घेऊन गेल्याची अनेक उदाहरणे आहेत. वन्यप्राणी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे.

नांदूर मधमेश्वरच्या जलाशयावर हिवाळ्यात हजारो पाणपक्षी उतरतात. तेथे १९८६ पासून अभयारण्य आहे. चोचीच्या टोकाला पिवळा व मुळाशी तांबडा ठिपका असणारे हळदी-कुंकू बदक तर आपल्या पाणथळ जागांतच घरटे करते. त्याची अंडी किंवा पिले आणून पाळीव बदकांत मिसळू नयेत. तसेच पाळीव बदके रानपक्ष्यांच्या पाण्यावर सोडू नयेत. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूने केवढे नुकसान केले, हे कुक्कुटपालक विसरलेले नाहीत. बदकाच्या अंगी हा रोग काही वेळा लक्षण न दाखविता राहतो.

गावाने काय करावे?

प्रत्येक गावात चिकाच्या दोन-चार बाटल्या गोठवून ठेवलेले एक तरी घर असावे, व ते कोणते हे मेंढपाळांसह सर्वांना ठाऊक असावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गाभण जनावरांच्या विण्याच्या अंदाजी तारखा लिहून ठेवाव्यात, म्हणजे चीक केव्हा व कोठे मिळेल हे आधीच कळेल. टिंक्चर आयोडीन, स्वच्छ बाटली व चोखणी एवढे साहित्य प्रत्येक गोठ्यात तयार असावे. पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ हा क्रमांक गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावा.

मध्यरात्री पोरके झालेले करडू सकाळची वाट पाहू शकत नाही. त्याचे आयुष्य पहिल्या काही तासांतच ठरते. त्या वेळी घरात एक गोणपाट, ऊब देणारा एक दिवा आणि चिकाची एक बाटली असली, तर पुष्कळदा तेवढ्यावर ते तरते.