शेक आधी की शस्त्रक्रिया आधी?

खर्ऱ्याची पुडी आपल्या भागात घरोघरी शिरली आहे आणि तिच्या पाठोपाठ जीभ, गाल व जबडा यांचा कर्करोगही. बोरगाव-सौंसरकडचा रुग्ण नागपूरला नेला की नातेवाइकांपुढे प्रश्न पडतो : शेक आधी की शस्त्रक्रिया आधी? त्याचा उलगडा आम्ही येथे थोडक्यात करीत आहोत.

शेक म्हणजे किरणोपचार. किरण रोगाच्या पेशी मारतात. परंतु त्या जागच्या बारीक रक्तवाहिन्याही हळूहळू अरुंद होतात व मांस घट्ट बनते. रक्त कमी पोहोचले की जखम लवकर भरत नाही. ओल नसलेल्या जमिनीत रोप धरत नाही, तसेच हे. म्हणून आधी शेक झालेल्या जागी नुसती कातडी चिकटवून भागत नाही. रक्तवाहिनीसह जिवंत मांस आणून बसवावे लागते.

ही युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेकडील कावसजी नावाचा बैल हाकणारा कैद झाला व त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ एका वीट पाडणाऱ्या कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसविले. मात्र डोळ्यांमधला कातडीचा देठ सुमारे २५ दिवस तोडला नाही. त्या देठातूनच रक्त मिळाले. १७९४ साली लंडनच्या मासिकात ही हकीगत छापून आली. आज छातीचे मांस अशाच देठासह वर वळवितात, किंवा हाताची कातडी व पायाचे हाड आणून त्यांच्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात.

तोंडाच्या कर्करोगात बहुधा आधी शस्त्रक्रिया, त्याच वेळी नवी बांधणी, आणि गरज असल्यास सुमारे सहा आठवड्यांच्या आत शेक, असा क्रम असतो. स्वरयंत्राच्या रोगात मात्र पुष्कळदा शेक आधी देतात. रोग उलटला तरच शस्त्रक्रिया करतात.

घरच्यांनी एवढे पाळावे. पूर्वी शेक घेतला असेल, तर त्याचे कागद डॉक्टरांस अवश्य दाखवावेत. शेकापूर्वी दात तपासून घ्यावेत. शेकानंतर कॅन्सरच्या डॉक्टरांस विचारल्यावाचून दात काढू नये, जबड्याचे हाड सडण्याचा धोका असतो. शेकाच्या पाळ्या मध्येच सोडू नयेत. आणि खर्रा, विडी कायमची बंद करावी. तोंडातील व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. लवकर सापडलेल्या रोगात कापावे थोडे लागते आणि बांधावेही थोडे.