ढील देणारं यंत्र

दुकानात मासेमारीचं रीळ हातात दिलं की जो तो आधी हँडल फिरवून बघतो. गरगर फिरलं, आवाज आला नाही, की मान डोलावतो. त्यात चूक काही नाही, पण रिळाची खरी परीक्षा उलट्या दिशेनं असते. मोठा मासा गळाला लागला की पहिला बराच वेळ रिळाला गुंडाळायचं कामच नसतं. तेव्हा त्यानं दोरी सोडायची असते, आणि तीही अशी की मासा मोकाट सुटता कामा नये आणि दोरीही तुटता कामा नये. पतंग उडवणाऱ्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही. वारा भरला की ते मागं न बघता ओरडतं, "ढील दे!" फिरकी धरणाऱ्याच्या दोन तळव्यांत जी अक्कल असते, ती चार-पाच चकत्यांच्या चळतीत कोंबलेली असते, हे रीळ उघडल्यावर कळतं, आणि माणूस थक्क होतो.

कोल्हापूरच्या शाहूपुरीत बसून समुद्राच्या रिळाची उठाठेव कशाला, असं कुणीही विचारेल. रंकाळ्यावर काठी, तंगूस आणि गळ एवढ्यावर काम भागतं. पण गगनबावड्यावरून करूळचा घाट उतरलं की पुढं वाघोटणची खाडी आणि विजयदुर्ग, फोंडा घाटानं गेलं की देवगड आणि मालवण. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते. या खाडीमुखांवर आणि जेटींवर हातात रॉड घेतलेली माणसं दिसतात, त्यांत घाटावरचे हौशीही असतात. कोकणात या उद्योगाला 'गरवणं' म्हणतात, आणि स्थानिक माणूस तो हातातल्या नुसत्या दोरीवरही असा करतो की आपलं महागडं सामान लपवावंसं वाटावं.

इथला रावस हॉटेलांच्या मेन्यूवर 'इंडियन सामन' म्हणून येतो. खऱ्या सामनशी त्याचं काही नातं नाही. सामन थंड पाण्यातला, नदीत जन्मून समुद्रात वाढणारा आणि पिलावळीसाठी पुन्हा नदीत शिरणारा. रावस उष्ण, गढूळ किनाऱ्यांचा. त्याच्या छातीच्या पराखाली दोन्ही बाजूंना चार-चार मोकळे तंतू लोंबत असतात, गढूळ तळाशी भक्ष्य चाचपायला. आणखी एक गंमत म्हणजे रावस आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. त्यामुळं फोटोत ज्याला उचलून 'हा बघा पठ्ठ्या' म्हणतात, ती बहुधा बाई असते. खाडीतला चोणक, म्हणजे रायगडकडचा जिताडा, तोही याच वळणाचा. पण पॅसिफिकच्या किनाऱ्यावर सामनमागं लागलेला माणूस असो की देवबागला रावसामागं लागलेला, रिळाकडून दोघांचं मागणं एकच आहे: लांब पळणारा मासा आणि खारं पाणी, दोन्ही सोसायचं.

रीळ ही वस्तू किती जुनी? चिनी चित्रकार मा युआन याचं सुमारे ११९५ सालचं एक चित्र टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. थंडगार पाण्यावर एकटी होडी, तीत एक माणूस, आणि त्याच्या काठीवर चाकासारखं रीळ. त्यानंतर कित्येक शतकं रीळ म्हणजे आडवं चाकच राहिलं. दोरी सुटायची तर अख्खं चाक फिरायला हवं, त्यामुळं हलकं आमिष लांब फेकता येत नसे. हा गुंता सोडवला तो गिरणीवाल्यानं. इंग्लंडात लोकरीच्या गिरण्यांचं गाव ब्रॅडफर्ड, तिथल्या कापडधंद्यातल्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यानं १९०५ साली नव्या रिळाचं पेटंट घेतलं. गिरणीतल्या बॉबिनवरून त्याला ते सुचलं असं सांगतात. बॉबिन जागची हलत नाही, सूत तिच्या टोकावरून भराभर निघतं. तसंच त्यानं स्पूल स्थिर ठेवलं. दोरी टोकावरून सुटते आणि गुंडाळताना स्पूलभोवती एक हात फिरतो. आज आपण वापरतो त्या स्पिनिंग रिळाचा हा पणजोबा. पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, कोल्हापुरात शाहू महाराजांनी सूत-कापडाची गिरणी उभी केली. शाहू मिलमध्ये बॉबिनवरून सूत निघताना पाहिलेल्या कामगाराला हे रीळ समजावून सांगावं लागलं नसतं.

ढिलीचा प्रश्न मात्र आणखी काही वर्षं तसाच राहिला. जुन्या रिळांत मासा पळाला की हँडलही उलटं फिरायचं आणि बोटांची पेरं ठेचायचं. स्पूल आवरायला कातड्याची पट्टी अंगठ्यानं दाबून धरत. १९१३ च्या सुमारास अमेरिकेत विल्यम बॉशन याच्या कल्पनेवरून ज्यूलियस फॉम होफ या रीळ बनवणाऱ्यानं हँडलच्या बुडाशी चांदणीच्या आकाराची चक्री बसवली. हँडल जागेवर राहील, स्पूल मात्र घासत घासत फिरेल, आणि घासणं किती ते चक्रीनं ठरेल. अंगठ्याची सुटका झाली.

ही करामत स्वतः पाहायची असेल तर स्पिनिंग रिळाच्या डोक्यावरची चक्री उलटी फिरवून काढा. खाली तारेची एक कडी असते. ती नखानं उचलली की चकत्यांची चळत हातात येते. एक धातूची, एक फेल्टची किंवा कार्बनच्या विणीची, पुन्हा धातूची. धातूच्या चकत्या उजेडात धरून पाहा. एकीला कडेला दोन कान असतात, ते स्पूलच्या खाचेत बसतात. दुसरीचं मधलं भोक पुरतं गोल नसून दोन बाजूंनी चपटं असतं, ते मधल्या दांड्याला धरून राहतं. म्हणजे एक स्पूलबरोबर फिरते, दुसरी हलत नाही, आणि मध्ये कार्बन घासत राहतो. चक्री आवळली की चळत दाबली जाते. यालाच ड्रॅग म्हणतात, आणि यापलीकडं त्यात काहीही नाही.

आता हिशेब मांडू. ड्रॅग ३ किलोवर लावला आहे आणि मासा सेकंदाला ५ मीटर वेगानं निघाला, असं धरा. चकत्यांत त्या क्षणी जवळजवळ १५० वॅट उष्णता तयार होते. असा तो १०० मीटर पळाला, तर एकूण उष्णता साधारण ३००० ज्यूल. एवढ्यात दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम, पाणी उकळीच्या टोकाला येतं. आणि हे सगळं रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या जागेत, वीस सेकंदांत! स्वस्त रिळात एखादीच पातळ चकती असते, ती तापली की कधी पकडते, कधी सोडते. ही धरसोडच दोरी तोडते. कार्बनच्या चकत्या तापल्या तरी घर्षण फारसं बदलू देत नाहीत, म्हणून त्यांचं एवढं कौतुक.

आणखी एक खोडी आहे, ती सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. चकत्या अडवतात स्पूलच्या मध्याशी, मासा ओढतो वेटोळ्याच्या कडेवरून. दोरी सुटत गेली, वेटोळ्याचा व्यास निम्म्यावर आला, की तेच स्पूल फिरवायला दुप्पट जोर लागतो. चक्रीला हात न लावता ३ किलोचे ६ किलो झाले! शिवाय वाकलेल्या रॉडच्या कड्यांवर दोरी घासते ते वेगळं, आणि शंभर मीटर दोरी पाण्यातून ओढली जाते त्याचा भार वेगळा. मासा लांब गेला की घाबरून चक्री आवळायची आपली खोड असते, आणि करायचं असतं नेमकं उलटं. रुंद स्पूलचं रीळ घ्यावं ते यासाठी; त्यावर तेवढीच दोरी सुटली तरी व्यास कमी घटतो.

सुरुवातीला ड्रॅग किती ठेवायचा? दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. १० किलोची दोरी असेल तर अडीच ते सव्वातीन किलो. हे अंदाजानं करू नये. हुकाचा स्प्रिंगकाटा दोरीला अडकवून ओढावा. काट्यावरचा आकडा पाहिला की आपल्या हाताचा अंदाज किती फसवा आहे हे कळतं.

मासा दोरी नेत असताना हँडल फिरवत राहणं हा नवख्यांचा आवडता उद्योग. दोरी आत येत नाही, पण स्पूलभोवतीचा हात, म्हणजे रोटर, फिरतो, आणि त्याच्या प्रत्येक फेऱ्याला दोरीला एक पीळ बसतो. ५:१ गिअरचं रीळ असेल तर हँडलच्या एका फेऱ्याला पाच पीळ. अशी दोरी पुढं फेकताना जी गुंतते, ती सोडवण्यापेक्षा कापलेली बरी.

आता खारं पाणी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ॲल्युमिनियमच्या बॉडीत पोलादी स्क्रू आणि दोघांच्या मध्ये हे पाणी आलं की एक छोटी बॅटरीच तयार होते, आणि त्यात खंगतं ते ॲल्युमिनियम. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली की समजावं. वजनाला हलकी म्हणून मॅग्नेशियमची बॉडी मिरवतात, पण खाऱ्या पाण्यात ती ॲल्युमिनियमहूनही लवकर झिजते, तिची सगळी भिस्त वरच्या लेपावर. प्लास्टिक गंजत नाही, मात्र जोर आला की वाकतं, आणि बॉडी वाकली की गिअरचे दाते एकमेकांवर नीट बसत नाहीत. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवाल्याला विचारा, दाते किंचित सरकले तर काय होतं ते तो आवाजावरून सांगेल. माझं मत विचाराल तर समुद्रासाठी ॲल्युमिनियमची बॉडी, पितळेचा किंवा चांगल्या मिश्रधातूचा गिअर, आणि पाणी अडवणारी सीलं, एवढ्यावर पैसे घालावेत.

जाहिरातीतल्या बेअरिंगच्या आकड्याला मात्र भुलू नये. '१०+१' असं लिहिलेलं असतं. त्यातली दहा गोळ्यांची बेअरिंगं कुठं आहेत, कशाची आहेत, हे कुणी सांगत नाही. चार चांगली बेअरिंगं दहा रद्दड बेअरिंगांना भारी असतात. तो '+१' मात्र वेगळा प्राणी. ते एकाच दिशेनं फिरू देणारं बेअरिंग, हँडल मागं जाऊ नये म्हणून. सायकलच्या फ्रीव्हीलमागं हीच कल्पना आहे. रिळांत आज मोठं नाव असलेली जपानची शिमानो कंपनी १९२१ साली साकाई गावात सुरू झाली ती सायकलच्या फ्रीव्हीलसाठीच. मासेमारीच्या सामानाकडं ती १९७० मध्ये वळली.

रावसासाठी ४००० ते ५००० नंबरचं रीळ पुरतं. त्यावर १० किलोच्या आसपासची विणलेली दोरी दोनशे मीटर तरी मावावी. विणलेली दोरी गुळगुळीत स्पूलवर अख्खीच्या अख्खी घसरते, म्हणून खाली आधी थोडं तंगूस गुंडाळतात. गिअरचा नुसता आकडाही पाहून उपयोग नाही. स्पूलचा व्यास ५० मिलिमीटर आणि गिअर ५.६:१ असेल तर हँडलच्या एका फेऱ्याला सुमारे ८८ सेंटिमीटर दोरी आत येते. हाच गिअर लहान स्पूलवर असेल तर कमी.

घरी आल्यावर रीळ नळाच्या बारीक धारेखाली धरावं. जोराचा फवारा मारला तर बाहेरचं मीठ सीलाच्या आत घुसतं. धुण्याआधी ड्रॅग घट्ट करावा, वाळल्यावर पार सैल करून ठेवावा, म्हणजे चकत्या दबून राहत नाहीत. दोरी ज्या चिमुकल्या रोलरवरून वळते त्यात तेलाचा थेंब सोडावा. अख्ख्या रिळात सगळ्यात आधी जाम होतो तो हाच, आणि तो फिरेनासा झाला की नवीकोरी दोरी दोन दिवसांत खरवडून निघते.

तेव्हा दुकानात गेलात की रीळ रॉडवर चढवायला लावा, दोरी कड्यांतून ओवा, आणि दुसरं टोक कुणाच्या तरी हाती देऊन त्याला चालायला सांगा, अगदी हळू. तुम्ही फक्त रॉडच्या शेंड्याकडं बघा. शेंडा वाकून एकाच जागी राहिला तर चकत्या चांगल्या. तो मान डोलावल्यासारखा खाली-वर करायला लागला, तर बेअरिंगं दहा असोत की पंधरा, रीळ परत द्या. गिऱ्हाइकं ताटकळतील, दुकानदार वैतागेल. वैतागू दे, चक्री थोडी आवळून पुन्हा एकदा चालायला सांगा.