दहा कॉलेजे, ३६ लाख याद्या

अकरावीच्या ऑनलाइन अर्जात जास्तीत जास्त दहा कॉलेजांचा पसंतीक्रम भरता येतो. समजा, अंबरनाथच्या एका मुलीने दहा कॉलेजे पक्की केली आहेत. आता कोणते वर आणि कोणते खाली, एवढेच ठरवायचे उरले आहे. या दहा नावांचे क्रम किती प्रकारे लावता येतील? ३६ लाख २८ हजार ८००. सेकंदाला एक याप्रमाणे, झोप आणि जेवण सोडून याद्या लिहीत बसले, तर बरोबर ४२ दिवस लागतात.

पण कॉलेजे मुळात पक्की नसतातच. कल्याणचे बघू, डोंबिवलीचे बघू, उल्हासनगरचे जवळ पडते, बदलापूरला गर्दीच्या उलट दिशेने जाता येते, असे करत वीस नावे सहज जमतात. या विसांतून दहा निवडून त्यांचा क्रम लावायचा, तर ६७,०४४ कोटी २५ लाख ७२ हजार ८०० याद्या होतात. सेकंदाला एक या वेगाने त्या लिहायला २१ हजारांहून अधिक वर्षे लागतील. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा. त्या वर्षापासून आजपर्यंत कोणी अखंड लिहीत बसले असते, तर शंभरातल्या पाच याद्याही हातावेगळ्या झाल्या नसत्या.

हे झाले फक्त कॉलेजांचे. पुढे करायचे काय, हा त्याहून मोठा प्रश्न. केंद्र सरकारच्या ‘राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५’मध्ये सुमारे ३,६०० व्यवसायांची नोंद आहे आणि प्रत्येकाला आठ अंकी क्रमांक आहे. एकेका व्यवसायाची ओळख करून द्यायला दहाच मिनिटे दिली, तरी ६०० तास होतात. रोज पाच तासांची शाळा धरली, तर १२० दिवस दुसरे काहीही न शिकवता फक्त हेच शिकवावे लागेल.

दरवाजे ३,६०० आहेत, पण रांगा मोजक्याच दारांपुढे लागतात. राज्यात २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी सुमारे १० लाख ४१ हजार अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे २२४. २०२४च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज पावणेअठरा लाखांच्या आसपास. तिथे प्रमाण एकास शंभर. नागरी सेवा परीक्षेला २०२३ साली देशभरातून १० लाख १६ हजार ८५० अर्ज आले आणि शेवटच्या यादीत नावे लागली १,०१६, म्हणजे हजारात एक. एकच उमेदवार दोन-तीन ठिकाणी अर्ज करतो, हे खरे. तरीही तलाठी भरतीत जे निवडले गेले नाहीत, त्यांनी प्रत्येकी तीनच महिने अभ्यास केला असे धरले, तर त्या एका परीक्षेपायी अडीच लाखांहून अधिक वर्षे खर्ची पडली. ती वाया गेली असे कोणी म्हणणार नाही. पण त्यातली किती वर्षे विचार करून दिलेली आणि किती मित्राने फॉर्म भरला म्हणून दिलेली, हे विचारायला हरकत नाही.

पूर्वी हा हिशोब करण्याची गरजच नव्हती. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ची. १८६२ साली तिथून बी.ए. होऊन बाहेर पडलेले पहिले पदवीधर चार : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. चार जणांना करिअर मार्गदर्शन लागत नाही, सरकारच त्यांना शोधत येते. मुले वाढली तशी सल्ल्याची गरज वाढली. १९४७मध्ये पारसी पंचायतीने मुंबईत व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढले आणि १९५०मध्ये त्या वेळच्या मुंबई सरकारनेही स्वतःचे सुरू केले.

आता २०२५ची दहावी घ्या. राज्यात १५ लाख ४६ हजार ५७९ नियमित विद्यार्थी परीक्षेला बसले आणि १४ लाख ५५ हजार ४३३ उत्तीर्ण झाले. एवढ्या मुलांना एकदम काही सांगायचे, तर यंत्र लागते. राज्याने २०१६मध्ये दहावीच्या सगळ्या विद्यार्थ्यांची कलमापन चाचणी सुरू केली, ती याच विचाराने. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रे होती, आणि मुलाचा कल कुठे आहे ते अहवालात छापून यायचे. काही वर्षांनी चाचणी बंद झाली. २०२०मध्ये महाकरिअर पोर्टल आले. त्यावर सुमारे ५५५ करिअर, २१ हजार संस्था, १,१५० प्रवेश परीक्षा आणि १,१२० शिष्यवृत्त्या यांची माहिती दिली गेली. ज्याला काय शोधायचे ते माहीत आहे, त्याच्यासाठी हा खजिना आहे. ज्याला माहीत नाही, त्याच्यापुढे ३,६००च्या जागी ५५५ दारे येतात, एवढाच फरक.

मग प्रत्येकाशी समोर बसून तासभर बोलायचे ठरवले तर? १५ लाख ४६ हजार तास. एकाच समुपदेशकाने रात्रंदिवस बोलत राहायचे म्हटले, तर १७६ वर्षे. आजच्या मुलांचे काम संपवायला त्याला मुंबई विद्यापीठ स्थापन होण्याआधीच सुरुवात करावी लागली असती.

इथपर्यंत आकडे नुसते घाबरवतात. पण तासभर बोलून नेमके काय साधते, ते पाहिले की हेच आकडे भराभर खाली येतात. चांगला प्रश्न यादीचे दोन भाग करतो आणि एक भाग बाजूला ठेवतो. ३,६००चे १,८००, मग ९००, ४५०, २२५. असे अर्धे-अर्धे करत गेले, तर बाराव्या प्रश्नाला यादीत एकच नाव उरते. एका प्रश्नाला पाच मिनिटे, म्हणजे बारा प्रश्नांना एक तास. माणसाचे आयुष्य इतके नेटके दुभंगत नाही. काही प्रश्न यादी जेमतेम दहा टक्क्यांनी कमी करतात, काही एका फटक्यात नव्वद टक्के उडवतात. शेवटी एका नावाऐवजी चार उरली तरी बिघडत नाही; ३,६००पुढे चार काहीच नाहीत.

मात्र प्रश्न त्या मुलाच्या गावाचे आणि घरचे हवेत. घरात पहिला पगार किती वर्षांत यायला हवा? आयटीआयचा फिटर दहावीनंतर दोन वर्षांत तयार होतो. एमबीबीएसला बारावीनंतर इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे लागतात. रोज लोकलमध्ये किती वेळ घालवायची तयारी आहे? अंबरनाथहून दक्षिण मुंबईतल्या कॉलेजात जाऊन-येऊन तीन तास धरले, तर वर्षाच्या २०० दिवसांत ६०० तास होतात आणि अकरावी-बारावी मिळून १,२०० तास, म्हणजे पन्नास अखंड दिवस. एवढी किंमत देण्यासारखे त्या कॉलेजात काय आहे? याचे उत्तर देता आले, की पसंतीक्रमाचा गुंताही सुटतो. अर्जात आपल्याला खरोखर हवे असलेले कॉलेज वर आणि त्याखाली उतरत्या आवडीने बाकीची, एवढेच करायचे असते. गुण जिथे पोचतात, तिथले सर्वांत वरचे कॉलेज मिळते. ३६ लाख याद्यांतली कामाची एकच आणि ती शोधायला गणित लागत नाही.

यादी कमी करण्याआधी कामे डोळ्यांनी पाहिलेली असावीत, आणि त्यासाठी अंबरनाथच्या पट्ट्यातून लांब जावे लागत नाही. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, १९५३ची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, एमआयडीसी आहे, शासकीय आयटीआय आहे. उल्हासनगरात जीन्सचे आणि फर्निचरचे धंदे आहेत, बदलापुरात रसायनांचे कारखाने आहेत. डीआरडीओची नौदलाला लागणाऱ्या सामग्रीवर संशोधन करणारी प्रयोगशाळा, एनएमआरएल, अंबरनाथमध्येच आहे. पाणबुडीला हवेसाठी वारंवार वर यावे लागू नये म्हणून लागणाऱ्या इंधनघटावर तिथे काम झाले आणि मार्च २०२१मध्ये त्याच्या जमिनीवरील नमुन्याची चाचणी झाली. असा इंधनघट उभा करायला रसायनतज्ज्ञ लागतो तसाच वेल्डरही लागतो आणि उपकरणे जुळवणारा तंत्रज्ञही. तिघांची पात्रता वेगळी, पगार वेगळा, शिकायची वर्षे वेगळी. एका भेटीत तीन व्यवसाय समजतात.

आता हिशोब या तीन शहरांपुरता करू. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार आणि बदलापूरची १ लाख ७४ हजार होती; मिळून ९ लाख ३३ हजार. राज्यात ११ कोटी २४ लाख लोकांमागे दहावीला साडेपंधरा लाख मुले, म्हणजे हजारी साधारण चौदा. तेच प्रमाण इथे लावले, तर दरवर्षी सुमारे १३ हजार मुले दहावीला बसतात. सकाळच्या वेळेला गच्च भरून सुटणाऱ्या तीन लोकल धरा.

प्रत्येकी एक तास, म्हणजे १३ हजार तास. एक समुपदेशक वर्षाचे २०० दिवस, रोज पाच तास बसला, तर १,००० तास होतात. तीन शहरांना लागतात तेरा माणसे. जनगणना जुनी आहे, शहरे तेव्हापासून फुगली आहेत. दीडपट केले तरी वीस. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची संघटना २५० मुलांमागे एक समुपदेशक असावा असे सांगते. त्यात मनाच्या प्रश्नांपासून अभ्यासापर्यंत सगळेच आले. तो मापदंड लावला, तरी दहावीपुरते ५२ होतात. दोन नगरपालिका आणि एक महानगरपालिका असलेल्या पट्ट्यात हा आकडा अशक्य नाही.

अडचण वेळेची आहे. पालक आणि मुले सल्ल्यासाठी धावतात ती निकाल लागल्यावर, अर्ज भरण्याच्या पंधरवड्यात. त्या पंधरा दिवसांत रोज सहा तास बसणारा समुपदेशक नव्वदच मुलांना भेटू शकतो. तेच १३ हजार तास या पंधरवड्यात कोंबायचे, तर १४५ समुपदेशक लागतात, आणि साऱ्या राज्यासाठी १७ हजारांवर. एवढी माणसे दोन आठवड्यांसाठी कुठून आणणार? म्हणून जून आला की सायबर कॅफेवाला आणि शेजारचा दादाच समुपदेशक होतात. हाच तास नववीच्या वर्षात, ऑगस्टपासून पुढे वाटून ठेवला, तर तीन शहरांचे काम तेरा जण करतात.