जोंगाची जोडी

जोंगा हे नाव फौजी घरांत सगळ्यांच्या ओळखीचे. निस्सान पट्रोलच्या घडणीवर बेतलेली ही चारही चाकांना जोर देणारी गाडी जबलपूरच्या लष्करी कारखान्यात तयार होई. १९९९ साली उत्पादन थांबले आणि जोंगा लिलावात दिसू लागल्या.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांकडे अशी एक आहे. सहा सिलिंडरांचे, ३९५६ सीसीचे पेट्रोल इंजिन. तिची तहान पाहता बँकेत असताना मी तिच्यासाठी कर्ज मंजूर केले नसते! मेस्त्री म्हणतात, डिझेल इंजिन टाका. पुष्कळांनी टाकले. सुभेदार विचारतात, “साहेब, आवाज गेल्यावर जोंगा कसली?”

सुटे भाग मागताना ते गाडीचे नावच घेत नाहीत. जुने बेअरिंग पुसून त्यावरचा नंबर वाचायचा. तो झिजला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून दुकानदाराला आकडे सांगायचे. ऑइल सीलचेही तसेच. गॅस्केट शीटमधून कापून होते, बुश लेथवर होतो. घोडे अडते ते क्राउन-पिनियनपाशी. ती एकमेकांवर बसलेली जोडी. एकच बदलली की दुसरीही जाते. शेवटी दिल्लीच्या मायापुरीतल्या भंगारबाजारात जोडी मिळाली. वहिनींनी भिशीचे पैसे काढून दिले, वर बोलूनही घेतले.

पंधरा वर्षांपुढच्या गाडीची दर पाच वर्षांनी आरटीओत फेरतपासणी असते. ती पुढच्या महिन्यात आहे. जोडी बसली, वायपरची मोटर अजून मिळायची आहे.