पवईच्या काठावरचा हक्क

१९२३पासून पॅरिसच्या सीन नदीत पोहायला बंदी होती. ती नदी जुलै २०२५मध्ये सर्वांसाठी खुली झाली. त्याआधी तिथल्या सरकारने सांडपाणी अडवायला आणि साठवायला सुमारे १.४ अब्ज युरो खर्च केले. पोहणाऱ्यांसाठी काठाची सोय झाली ती त्यानंतर. मुंबईच्या पवई तलावावर मात्र आपण काठापासून सुरुवात केली.

पिण्याच्या पाण्यासाठी १८९०च्या सुमारास बांधलेल्या या तलावाचे पाणी आज पिण्याजोगे उरलेले नाही. ते कारखान्यांना आणि आरे वसाहतीला जाते. साठवण ५४५ कोटी लीटर. भरून वाहिला की पाणी मिठी नदीत. आजूबाजूचे सांडपाणी आत येते, त्यावर जलपर्णी माजते. शिवाय पाण्यात मगरी आहेत. पोहायचा विचारही कुणी करत नाही.

अशा तलावाच्या कडेने २०२१मध्ये महापालिकेने सायकल आणि जॉगिंग ट्रॅक बांधायला घेतला. पद्धत गॅबियनची: तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरायचे आणि त्या रचत जायचे. सिमेंट नाही, दगडांच्या फटींतून पाणी ये-जा करील, तेव्हा तलावाचे काही बिघडत नाही, असे पालिकेचे म्हणणे. पण पेटी बसते ती जागा तलावाचीच. मगर ऊन खायला उथळ काठावर येते, उतारावरच्या मातीत खड्डा करून अंडी घालते. पाण्याला फट पुरेल, मगरीला मातीच लागते. आयआयटी मुंबईतले विद्यार्थी आणि पर्यावरणवादी न्यायालयात गेले. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवले आणि केलेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितले. माझ्या मते निकाल योग्यच होता. तरी ट्रॅक मागणाऱ्यांना मी दोष देणार नाही. या शहरात सकाळी मोकळे चालायला जागा आहे कुठे?

पण मोकळी जागा करताना कोणाला उठवले जाते, हे माहुलला विचारावे. शहराला पाणी आणणाऱ्या तानसा जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंच्या दहा मीटर पट्ट्यातल्या झोपड्या न्यायालयाच्या आदेशाने हटल्या. त्यातल्या कितीतरी कुटुंबांची रवानगी माहुलच्या इमारतींत झाली, रिफायनऱ्यांच्या कुशीत. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात जलवाहिनीलगत मुलुंड ते शीव असा ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक आखला गेला. माहुल-आंबापाड्याच्या हवेने रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, हे हरित लवादाने २०१५मध्येच नोंदवले होते. सप्टेंबर २०१९मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले, लोकांना माहुलला जायची सक्ती करू नका. दुसरे घर देता येत नसेल तर महिना १५ हजार रुपये भाडे द्या.

पवईचा पुढचा आराखडा येईल तेव्हा सांडपाणी आणणारा कोणता नाला कोणत्या वर्षी वळवणार, ते त्याच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावे. आणि त्यासाठी कोणाचे घर हलणार असेल, तर त्या माणसाला कुठे नेणार, तेही त्याच पानावर.