रंग उडाला, कठीणपणा राहिला

कोल्ट कंपनीचं ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ हे रिव्हॉल्व्हर अमेरिकी सैन्याने १८७३ साली स्वीकारलं आणि पुढे काउबॉयपटांनी ते जगाला पाठ करून दिलं. पडद्यावर न दिसणारी त्याची एक खासियत मात्र हातात घेतल्यावरच कळते. नळी आणि सहा गोळ्यांचं फिरतं चक्र गडद निळं, आणि त्यांना धरून ठेवणारी मधली चौकट वेगळीच: राखाडी पोलादावर निळ्या, जांभळ्या, तपकिरी आणि गवती पिवळ्या छटा एकमेकींत मिसळलेल्या. दोन चौकटींवरची नक्षी कधीच सारखी नसते. नवख्याला वाटतं, कुणीतरी हे बसून रंगवलंय. प्रत्यक्षात तिथे रंगाचा थेंबही लागलेला नाही. पोलाद कडक करताना ते रंग आपोआप उमटलेत.

ज्या प्रक्रियेतून ती चौकट गेली, ती ठाणे-डोंबिवलीला परकी नाही. वागळे इस्टेटमधल्या, डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या आणि अंबरनाथच्या हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये ‘केस हार्डनिंग’ हे रोजचं काम आहे. गियर, पिना, बुश, स्पिंडल, कॅमशाफ्ट असा माल सकाळी चलानासोबत येतो आणि कडक होऊन परत जातो. त्यावर ना निळा रंग असतो ना जांभळा. भट्टीतून निघतो तो काळपट राखाडी जॉब. मधल्या दीडशे वर्षांत रंग गेले आणि कठीणपणा राहिला. त्यात आपण नक्की काय गमावलं, हे समजून घेण्यासारखं आहे.

कडक साल, मऊ गाभा

पोलादाचा सगळा स्वभाव कार्बनवर ठरतो. साध्या माइल्ड स्टीलमध्ये तो ०.२ टक्क्यांच्या आसपास असतो. असं पोलाद लालभडक तापवून पाण्यात बुडवलं तरी फारसं कडक होत नाही. कार्बन ०.८ टक्क्यांवर नेला तर तेच पोलाद इतकं कडक होतं की कानस त्यावरून घसरते, पण त्याच वेळी ठिसूळही होतं. घाव बसला की तडकतं. यंत्राच्या कितीतरी भागांना मात्र दोन्ही हवं असतं: घासून झिजू नये असा पृष्ठभाग, आणि धक्का सोसेल असा गाभा.

यावरचा तोडगा लोहारांना फार पूर्वी सापडला होता. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७२२ साली त्यावर प्रयोगांसह सविस्तर लिहिलं. कमी कार्बनचा घडवून तयार केलेला भाग लोखंडी पेटीत ठेवायचा, भोवती हाडांचा, लाकडाचा किंवा कातड्याचा कोळसा ठासून भरायचा, झाकण चिकणमातीने लिंपायचं आणि पेटी कित्येक तास भट्टीत तापवायची. ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो आणि त्यातला कार्बन पोलादाच्या पृष्ठभागात मुरतो. काही तासांत अर्ध्या ते एक मिलिमीटर खोलीपर्यंत तो पोचतो. मग तो भाग थेट पाण्यात सोडायचा. बाहेरची साल कडक होते आणि आतला गाभा कमी कार्बनचाच राहिल्यामुळे चिवट उरतो. हेच केस हार्डनिंग.

सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरला याची गरज का पडली, हे त्याची रचना पाहिली की कळतं. त्यात प्रत्येक गोळीआधी हातोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. त्या एका ओढीसरशी चक्र एक घर पुढे सरकतं आणि खिट्टी बसून ते जागच्या जागी अडकतं. चौकटीच्या आत पिना, स्क्रू आणि खाचा सतत घासत राहतात, आणि गोळी सुटताना मागच्या बाजूला दणकाही बसतो. चौकट नुसतीच मऊ असती तर भोकं सैल झाली असती. पूर्ण कडक असती तर एखाद्या दणक्याला तडा गेला असता. म्हणून चौकटीला आणि हातोड्याला केस हार्डनिंग. नळी आणि चक्र यांना ती प्रक्रिया नव्हती. त्यांना निळा मुलामा दिला जाई. या दोन वेगळ्या वागणुकींमुळेच ते रिव्हॉल्व्हर दुरंगी दिसतं.

पाण्यातला क्षण

रंग उमटतात ते पेटी पाण्यात रिकामी करतानाच्या क्षणात. पेटी अगदी पाण्याच्या पृष्ठभागाजवळ नेऊन उलटायची, म्हणजे तापलेल्या भागाला वाटेत हवा लागत नाही. हवा जास्त लागली तर रंग फिके पडतात किंवा सगळं काळवंडतं. मात्र पाण्यात विरघळलेला प्राणवायू हवाच असतो. त्यासाठी जुने कारागीर टाकीत खालून हवेचे बुडबुडे सोडत. गरम पोलादाला पाणी भिडतं, उकळतं, वाफेची पुटं फुटतात, कोळशाचे कण अधेमधे आड येतात. कुठे पोलाद क्षणभर आधी थंड होतं, कुठे क्षणभर नंतर. त्या फरकाने पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर कमीजास्त जाडीचा बसतो.

हा थर अवघा काही दशक नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाइतका असतो. थराच्या वरून आणि तळाकडून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात. काही रंग मारले जातात, काही उठून दिसतात. पावसाळ्यात घोडबंदर रोडच्या डबक्यावर सांडलेल्या पेट्रोलचे रंग असेच दिसतात. पातळ थर पिवळसर दिसतो. तो जाड होत जाईल तसा तपकिरी, जांभळा आणि मग निळा.

हाच क्रम आयटीआयच्या फिटर ट्रेडचा विद्यार्थी वेगळ्या निमित्ताने शिकतो. कडक केलेल्या छिन्नीला टेम्पर देताना, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला ती पुन्हा हलकी तापवताना, तो घासून चकचकीत केलेल्या पात्यावर नजर ठेवतो. सुमारे २३० अंशांना गवती पिवळा, २८० च्या आसपास जांभळा, ३०० ला निळा. हवा तो रंग धारेपर्यंत आला की छिन्नी पाण्यात. तिथे रंग हा थर्मामीटर आहे, शिस्तीने एकामागून एक येणारा. केस हार्डनिंगमध्ये तेच रंग पाण्याच्या मर्जीने, एकाच वेळी, विखरून येतात. त्यांच्यावर ताबा मिळवायला प्रत्येक कारखान्याची आपापली पाककृती होती: हाडांचा कोळसा किती, लाकडाचा किती, पेटी किती अंशांना बाहेर काढायची, पाणी किती गार. खूप तापमानावरून सोडलं तर चौकट वाकडी होते आणि रंगही नीट येत नाहीत. त्यामुळे बुडवण्यापूर्वी तापमान खाली आणायचं, आणि पातळ भागांना वाकू न देणारे लोखंडी आधार लावायचे. या पाककृती कारागीर सहसा बाहेर सांगत नसत.

इंजिनाच्या पिनेपासून गियरपर्यंत

आपल्या भागात ही विद्या बंदुकीच्या मागून आली नाही, रेल्वेच्या मागून आली. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, आणि १८५४ साली रूळ कल्याणला पोचले. वाफेच्या इंजिनात झडपा हलवणारी जी दांड्यांची यंत्रणा असते, तिच्या पिना, बुश आणि सरकते ठोकळे केस हार्डनिंग केलेले असत. दर फेरीला हजारो वेळा घासणारा भाग दुसऱ्या कशाने टिकला नसता. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कोळशाच्या पेट्या हे नेहमीचं दृश्य होतं. इंजिनाची पिन नंतर घासून गुळगुळीत केली जाई, त्यामुळे तिच्यावर रंग राहत नसत. रिव्हॉल्व्हरच्या चौकटीवर ते राहू दिले, कारण गिऱ्हाइकाला ते आवडले. बंदूक आणि इंजिन यांतला फरक एवढाच.

खरी वाढ झाली ती स्वातंत्र्यानंतर. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली, आणि त्याचा स्थापना समारंभ वागळे इस्टेटमध्येच झाला. ठाणे, डोंबिवली, अंबरनाथ या पट्ट्यात इंजिनिअरिंगचे छोटे-मोठे कारखाने उभे राहिले. त्यांना स्वतःची भट्टी परवडत नसे, म्हणून जॉबवर्क करणाऱ्या हीट ट्रीटमेंटच्या शेड आल्या. अंबरनाथला तर संरक्षण खात्याचे दोन कारखाने आहेत: ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा पहिली ‘यंत्र इंडिया’कडे आणि दुसरी ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम’कडे गेली. शस्त्रनिर्मितीशी अंबरनाथचं नातं जुनं आहे, पण रिव्हॉल्व्हर इथलं नव्हे. सरकारी रिव्हॉल्व्हरसाठी नाव घेतलं जातं ते कानपूरचं.

आजचा जॉब

आज शेडमध्ये येणाऱ्या ड्रॉइंगवर सगळं लिहिलेलं असतं. पोलाद ‘ईएन ३५३’ किंवा ‘२० एमएनसीआर ५’, केस डेप्थ, म्हणजे कडक सालीची खोली, ०.८ ते १.० मिलिमीटर, कठीणपणा रॉकवेल मापावर ५८ ते ६२ एचआरसी. हाडांचा कोळसा कुणी मागत नाही. जमिनीत पुरलेल्या उभ्या भट्टीत जॉब टोपल्यांनी सोडतात, झाकण लावतात आणि आत मेथॅनॉलसारख्या द्रवाचे थेंब किंवा एलपीजीसारखा वायू सोडून कार्बनचं वातावरण तयार करतात. किती कार्बन मुरतोय हे नियंत्रक यंत्र पाहतं. मग जॉब पाण्यात न सोडता तेलात सोडतात, कारण मिश्रधातूचं पोलाद तेलातही पुरेसं कडक होतं आणि तडकत नाही. त्यानंतर १६० ते १८० अंशांना टेम्परिंग, शॉट ब्लास्टिंग म्हणजे पोलादी कणांचा मारा, आणि शेवटी ग्राइंडिंग. सोबत भट्टीत ठेवलेला नमुना कापून त्याची साल किती खोल गेली ते मोजतात.

रंग जाण्याची कारणं या साखळीतच आहेत. पाण्याऐवजी तेल आलं, तिथे ते रंग उमटण्याची शक्यता संपली. चुकून काही उमटलं तर शॉट ब्लास्टिंग खरवडून नेतं. आणि ग्राइंडिंगनंतर उरतो तो स्वच्छ, रुपेरी पृष्ठभाग. गियर तर गियरबॉक्सच्या आत, तेलात बुडून राहणार आहे. त्याच्या सौंदर्याचे पैसे कोण देणार?

मधल्या काळात आणखी एक पद्धत गाजली: सायनाइडच्या वितळलेल्या मिठात जॉब बुडवण्याची. ती झटपट होती, आणि पाण्यात बुडवताना भडक, पट्ट्यापट्ट्यांचे रंगही देत असे. पण सायनाइड हे विष. भट्टीजवळ काम करणाऱ्यालाही धोका आणि धुतलेल्या पाण्यालाही. कारखान्यांच्या सांडपाण्याने वालधुनी नदीचं काय झालं, हे अंबरनाथ-उल्हासनगरच्या लोकांना कुणी वेगळं सांगायला नको. वायूतून कार्बन मुरवण्याच्या आजच्या पद्धतीने, म्हणजे गॅस कार्ब्युरायझिंगने, सायनाइड मागे सारलं, ही त्या स्थित्यंतराची सगळ्यात चांगली बाजू.

रंग खोटं बोलू शकतो

जुन्या बंदुकीवरचे रंग पाहून ‘म्हणजे ही नीट कडक केलेली आहे’ असं समजणं धोक्याचं आहे. रंग पृष्ठभागाच्या काही दशक नॅनोमीटरमध्ये असतात. कडक साल त्याच्या हजारो पट खोल असते. दोन्ही एकाच भट्टीतून आले असतील, पण एकाने दुसऱ्याची हमी मिळत नाही. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या काही आधुनिक प्रतिकृतींवर चौकटीचे रंग रसायनांनी चढवलेले असतात आणि खालचं पोलाद वेगळ्याच रीतीने कडक केलेलं असतं. उलट, अस्सल जुन्या चौकटीवरचे रंग हाताच्या घामाने, कातडी म्यानाच्या घर्षणाने आणि उन्हाने पार उडून राखाडी उरलेले असतात, तरी साल तितकीच कडक असते.

म्हणून फिटर रंग बघत नाही. तो आधी कानस लावतो. कानस घसरली तर साल कडक आहे. आकडा हवा असेल तर रॉकवेल मशीन, ज्याचं पेटंट १९१९ साली अमेरिकेत मिळालं. हिऱ्याचं टोक ठरलेल्या भाराने पोलादात किती रुततं, यावरून कठीणपणा ठरतो. वागळे इस्टेटच्या शेडमधला राखाडी गियर या परीक्षेत १८७३ च्या चौकटीपुढे मान खाली घालणार नाही. तिथे प्रत्येक जॉब आधीच्या जॉबसारखाच निघतो, हे जुन्या कारागिराला कोळशाच्या पेटीत कधी नीट साधलं नव्हतं.

मग गेलं ते काय? प्रक्रियेची उघड खूण गेली. पाणी कुठे आधी भिडलं, कुठे वाफ अडली, याची नोंद पूर्वी पोलादाच्या अंगावर राहत असे. आता ती नियंत्रकाच्या आलेखात आणि तपासणी अहवालात राहते. यंत्राच्या भागासाठी हा सौदा योग्यच आहे. पण हाताने केलेली ती जुनी कला पूर्ण मेली नाही, हेही चांगलं झालं. अमेरिकेत डग टर्नबुल यांनी १९८० च्या दशकापासून हाड-कोळशाची पद्धत पुन्हा बसवली, आणि जुन्या बंदुकांचं पुनरुज्जीवन हा तिथे मान्यताप्राप्त व्यवसाय झाला.

संग्राहकांचं मत मात्र ठाम आहे: मूळ रंगाचा फिका अवशेषही नव्याने चढवलेल्या झगझगीत रंगापेक्षा मोलाचा. नवे रंग देण्यासाठी चौकट पुन्हा तापवून बुडवावी लागते. त्यात ती वाकू शकते, आणि मूळ कारखान्याच्या हातची खूण कायमची पुसली जाते.

आपल्याकडे जुनं कोल्ट हाती लागण्याची शक्यता कमी. संस्थानी काळातल्या इंग्लिश दुनळी शिकारी बंदुका मात्र महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांच्या चापाभोवतालच्या यंत्रणेवर हेच रंग देण्याची इंग्लिश कारखान्यांची रीत होती. संग्रहालयात अशी बंदूक दिसली तर लाकडी दस्ता आणि पोलाद जिथे भेटतात त्या कोपऱ्यात, बोटं न पोचणाऱ्या खाचांत पाहा. रंग टिकले असतील तर तिथे टिकले असतील. घरात परवान्यावरची वडिलोपार्जित बंदूक असेल, तर दसऱ्याच्या शस्त्रपूजेला ती चकचकीत करण्याच्या हौसेने पॉलिशचा डबा उघडू नका. कापडाच्या चार हातांत शंभर वर्षांचे रंग निघून जातात आणि ते कुणीही परत आणू शकत नाही. मऊ फडक्याने हलकं तेल लावा, तेवढं पुरे.